सात देशांतले खोटे काटे

माझ्या काकांना देशांची नावं विचारू नका. सात देश फिरून आलेला माणूस, पण नकाशासमोर उभं केलं की बावचळतो. "तो गं, गंजक्या ताणकाट्यांचा देश," असं म्हणतात, आणि आपण काय ते समजून घ्यायचं. गंजके ताणकाटे, म्हणजे स्प्रिंगचे टांगते काटे, होते तो दुसरा. चौथा म्हणजे जिथे भाजीवाल्या अजून दगडाची वजनं वापरत होत्या तो. समुद्र, डोंगर, मोठमोठ्या इमारती डोळ्यांसमोरून गेल्या असतील, पण डोक्यात राहिले ते काटेच.

त्याला कारण आहे. आमचं दुकानच वजनकाट्यांचं. विकतो थोडे, दुरुस्त करतो फार. आजोबांनी काढलं, काकांनी चाळीस वर्षं चालवलं आणि आता मी चालवते. हे काय बाईचं काम आहे का, असं विचारायला सुरुवातीला दोघंतिघं आले होते. माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून गेले, ते पुन्हा विचारायला आले नाहीत. दुकानाचा नियम एकच. कोणी कितीही पैसे देऊ करो, काटा खोटा करून द्यायचा नाही. आजोबांच्या मेहुण्यानं एकदा एका धान्यवाल्याचा काटा किलोमागे पन्नास ग्रॅमनं फिरवून दिला. आजोबांनी त्याला त्याच दिवशी हाकलला. आजी मरेपर्यंत त्यावरून आजोबांशी भांडत होती, पण मेहुणा काही परत आला नाही.

काका त्याच वळणाचे, किंबहुना दोन पावलं पुढे. दुसऱ्याचा कुठलाही काटा दिसला की तो खोटा आहे असंच धरून चालायचे. आजोबांचं एक किलोचं पितळी वजन होतं, शिक्क्याचं, लाकडी डबीत मखमलीवर ठेवलेलं. बाजारात जाताना ते खिशात घालून जायचे आणि दुकानदाराच्या काट्यावर ठेवून बघायचे. शंभरातले सत्तर काटे खोटे निघायचे. त्यामुळे काकांचं म्हणणं खरं ठरत गेलं, आणि असं सारखं खरं ठरलेल्या माणसाला कोण समजावणार.

काकू टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तीस वर्षं कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. परदेशातले फोन जोडून द्यायचं काम तिच्याकडे. पलीकडच्या शहरातल्या बायका तिला आवाजावरून माहीत होत्या. "तिकडे थंडी पडली वाटतं, पलीकडची सारखी शिंकत होती," असं जेवताना सांगायची. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हे सगळं ऐकायला मीच. निवृत्त झाली त्या दिवशी हेडफोन काढून ठेवला आणि घरी येऊन म्हणाली, "अख्ख्या जगाला हॅलो म्हणून झालं. आता जरा तोंडं बघायची आहेत."

तिनं दहा देश निवडले. ज्या शहरांना तिनं फोन जोडले तीच शहरं, त्याच क्रमानं. फंडाचे सगळे पैसे त्यात घातले. काका म्हणाले, "आणि दुकान?" ती म्हणाली, "दुकानाला पुतणी आहे. मला तुम्हीच आहात." काकांनी पितळी वजन घेतलं, एक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि निघाले. काकूनं थंड देशांसाठी एक जुना लांब तपकिरी कोट विकत घेतला होता. तो तिला इतका मोठा होता की आत अजून एक बाई मावली असती.

बोट, आगगाडी, बस, जे स्वस्त मिळेल ते, असे अकरा महिने फिरायचं ठरलं होतं. पहिल्याच बंदरावर त्या वजनानं घोळ घातला. तपासणीच्या यंत्रात पिशवीत काळा गोळा दिसला आणि चार शिपाई धावत आले. काकांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना काकांची. शेवटी काका उठले, ते वजन तिथल्याच सामान मोजायच्या काट्यावर ठेवलं आणि काटा किती चुकीचा आहे ते बोटांनी दाखवलं. अधिकारी हसला आणि सोडून दिलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी मात्र आपापल्या बॅगा पुन्हा मोजून मागितल्या, आणि तिथे जो गोंधळ झाला तो निस्तरायच्या आत ही दोघं बाहेर पडली.

प्रत्येक देशात एकदा कुठल्यातरी काट्यावर दोघांनी वजन करायचं, ही रीत काकांनी पाडली. लोक फोटो काढतात, हे वजन करायचे. आणि काकू ते पोस्टकार्डावर लिहून मला पाठवायची. पहिलं कार्ड माझ्याकडे अजून आहे. "बोट फार हलली. ह्यांना उलट्या, मला काही नाही. ह्यांचं वजन बासष्ट, माझं अठ्ठावन्न. दुकान नीट बघ, आणि गिऱ्हाइकांवर ओरडू नकोस."

दुसऱ्या देशात तिचं सत्तावन्न भरलं. तिसऱ्यात साडेपंचावन्न. तिसऱ्या कार्डावर लिहिलं होतं, "हे म्हणतात काटा खोटा आहे, तपासायचीही गरज नाही."

चौथ्या देशात तिची एक मैत्रीण भेटली, म्हणजे मैत्रिणीचा आवाज. बारा वर्षं दोघी रोज एकमेकींना "लाइन देते" एवढंच म्हणाल्या होत्या. काकूनं पत्ता काढला, दार वाजवलं, आणि दार उघडायच्या आधीच बाहेरून म्हणाली, "लाइन देते." आतून कुणीतरी हातातलं भांडं टाकलं. पुढचे दोन तास दोघी एकेका शब्दावर आणि हातवाऱ्यांवर बोलत बसल्या. काका स्वयंपाकघरात बसून तिथला काटा दुरुस्त करत होते. मैत्रिणीनं काकूचं मनगट हातात धरून काहीतरी विचारलं, ते काकूला कळलं, पण ती हसून मान हलवत राहिली. त्या देशातल्या बाजारात तिचं वजन चोपन्न भरलं. काका म्हणाले, या देशात दगडानं मोजतात, इथल्या काट्याचं काय घेऊन बसलीस.

पाचव्या देशात बावन्न.

आता तुम्ही म्हणाल, पाच कार्डं हातात आहेत, आकडा सहा किलोनं उतरलाय, तरी तुला कळलं नाही? नाही कळलं. माझा अजून संताप होतो स्वतःवर. मी ती कार्डं दुकानात ओळीनं टाचणीनं लावली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, आणि म्हणत होते, बघा, जगभर सगळे चोर, एक काटा धड नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, पण काकांचं वजन तर सगळीकडे बासष्टच आहे. मी त्याला म्हटलं, तुमचा काटा झालाय ना दुरुस्त, मग निघा. दुसऱ्या कुठल्याही घरात एवढ्यात डॉक्टर आला असता. आमच्या घरात माणसाचं वजन उतरलं तर आम्ही काटा उघडून बघतो.

सहाव्या देशात कडाक्याची थंडी होती. काकू कोट घालून काट्यावर उभी राहिली आणि त्रेपन्न भरलं. काका इतके खूश झाले की त्या दुकानदाराला मिठीच मारायला निघाले. "बघ, हा खरा काटा," असं दिवसभर म्हणत राहिले. कार्डावर काकूनं फक्त एवढंच लिहिलं होतं, "माझं त्रेपन्न. हे फार आनंदात आहेत."

सातवा देश उकाड्याचा. एका धान्याच्या गोदामात मोठा तबकडीचा काटा होता, पोती मोजायचा. गोदामवाल्यानं हसत परवानगी दिली. काकू काट्यावर चढायला लागली तेव्हा काका म्हणाले, "कोट दे इकडे, उगाच घामाघूम होशील." ती म्हणाली, "राहू दे." काका म्हणाले, "अगं दे." आणि ओढूनच घेतला. काट्यावर पन्नास भरलं.

"खोटा," काका म्हणाले. "साफ खोटा. थांब, आत्ता दाखवतो ह्याला." पितळी वजन काढायला त्यांनी पिशवी उघडली. पिशवीत डबी होती, डबीत वजन नव्हतं. पिशवी उपडी केली, कपडे झटकले, गोदामवाल्याकडे संशयानं बघितलं, आदल्या मुक्कामातल्या मोलकरणीला शिव्या दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते अक्षरशः. कारण कोट त्यांच्याच डाव्या हातावर होता, आणि एका बाजूनं खाली ओढत होता. चाळीस वर्षं हातानं वजनं जोखणारा माणूस. कितीही नाही म्हटलं तरी हाताला एक किलो कळतंच.

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. वजन काढलं. काट्याजवळ गेले आणि ते मधोमध ठेवलं. तबकडीवरचा काटा एकच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. केसभरही इकडेतिकडे नाही.

काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा खोटा असता तर बरं झालं असतं."

काकू म्हणाली, "तिसऱ्या देशापासूनच माहीत आहे मला. पोलक्याचे हुक दोनदा हलवलेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माघारी फिरला असता. आणि तुम्ही काटा खोटा आहे म्हणायचात ना, ते ऐकायला बरं वाटायचं."

तिथल्याच डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि गाठ आहे म्हणाला. आठव्या, नवव्या आणि दहाव्या देशाची तिकिटं परत करून दोघं घरी आली. मी त्यांना आणायला गेले होते. काकू समोरून चालत आली आणि मला आधी कोट ओळखू आला, मग ती.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, थोडे परत आले. डॉक्टर म्हणाले, वजन पन्नासपर्यंत आणा, मग उरलेले तीन देश करायला माझी ना नाही. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं की खरंच, ते मला माहीत नाही. पण काकांनी ते शब्द गच्च धरले. नकाशा दुकानाच्या भिंतीवर लावला, तीन देशांवर लाल खुणा केल्या, आणि दर रविवारी सकाळी काकूला दुकानात आणून आमच्या मोठ्या तबकडीच्या काट्यावर उभं करायला लागले. दवाखान्यातही तिचं वजन करायचे, पण तेव्हा काका बाहेर बाकावर बसून राहायचे आणि आकडा विचारायचे नाहीत. दवाखान्याच्या यंत्रावर आपला विश्वास नाही, आपला काटा काय म्हणतो ते बघू, एवढंच म्हणायचे. काकू कोट घालूनच यायची. औषधांपायी तिला भर दुपारीही थंडी वाजायची, त्यामुळे कोणी काही म्हणत नसे.

पहिल्या रविवारी चव्वेचाळीस भरलं. दुसऱ्या रविवारी तेवढंच. तिसऱ्या रविवारी त्रेचाळीस, आणि काका दिवसभर काट्यांना तेल घालत बसले. पण पुढच्या रविवारी चव्वेचाळीस. मग साडेचव्वेचाळीस. मग पंचेचाळीस. मी आसपासच्या चार दुकानांत जाऊन सांगून आले. काका तिला म्हणाले, "आठव्या देशाचा कोट वेगळा घेऊ. हा फार जड आहे." काकू हसली. मलाही वाटलं, सुटलो.

वर्षातून एकदा वजनमापांचा निरीक्षक येतो, काटे तपासतो आणि शिक्का मारतो. त्याच्या आदल्या दिवशी मी सगळे काटे स्वतः तपासून ठेवते. त्या वर्षी मोठा काटा शेवटी घेतला, कारण तो काय चुकणार. रिकामा असताना शून्यावर होता. वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. तबकडी म्हणाली एकवीस. मला वाटलं, मी नीट ठेवलं नाही. दुसरं वीस त्यावर ठेवलं. बेचाळीस.

मागचं झाकण उघडलं. आतला स्क्रू पक्का तीन आटे फिरवलेला होता, आणि त्यावर ताजं तेल होतं. आमच्या दुकानात तेल एकाच माणसाच्या हातून इतकं नेटकं पडतं.

माझं डोकं फिरलं. किलोमागे पन्नास ग्रॅम. आजोबांनी ज्याच्यासाठी मेहुणा हाकलला, नेमकं तेवढंच. आणि मी गावभर सांगत सुटले होते तिचं वजन वाढतंय म्हणून. मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि तरातरा काकांच्या घरी गेले, तोंडात चार वाक्यं जुळवून. काका औषधं आणायला गेले होते. दार काकूनं उघडलं. माझा चेहरा बघून तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काट्याचं ना?"

मी मान हलवली.

"कपडे सैल होतायत आणि वजन वाढतंय, असं कुठल्या देशात होतं गं?" ती म्हणाली. "चौथ्यांदा हुक हलवलेत मी."

"काकू, पण डॉक्टर..."

"डॉक्टरांकडे यंत्र आहे. त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्या हातात आता काही उरलेलं नाही, असं त्यांनी मला गेल्या महिन्यातच सांगितलं. मीच म्हटलं, बाहेर बसलेत त्यांना सांगू नका." तिनं माझ्या हातावरचं ग्रीस आपल्या पदरानं पुसलं. मी नको म्हणत होते तरी पुसलं. "त्यांना कळू देऊ नकोस हं, की मला कळलंय. मी त्यांना एका देशात फसवलं. त्यांना एका दुकानात फसवू दे."

मी तिथे बसून रडले. तिनं रडू दिलं, आणि मग विचारलं की दुकान कुणाच्या भरवशावर टाकून आलीस. मी उठले आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक यायच्या आधी मी तो स्क्रू तीन आटे मागे फिरवला. त्यानं काटा तपासला, शिक्का मारला, तुमच्या दुकानात तपासायची गरजच नसते असं नेहमीसारखं म्हणाला आणि गेला. तो कोपऱ्यावरून वळल्यावर मी झाकण उघडलं आणि स्क्रू तीन आटे पुढे फिरवला. आजोबांचा फोटो समोरच आहे. मी त्याच्याकडे पाठ करून फिरवला. गिऱ्हाइकांना त्या काट्यावर एक पोतंही मोजून दिलं नाही, बिघडलाय म्हणून सांगत राहिले.

काकू त्यानंतर अकरा रविवार आली. शेवटचे तीन काकांनी तिला धरून उभं केलं. स्वतःचा भार काट्यावर पडू नये म्हणून ते पाय बाहेर ठेवून वाकून उभे राहायचे. शेवटचा आकडा एकेचाळीस होता. काका म्हणाले, "हवेत दमटपणा आहे, स्प्रिंग धरते." काकू म्हणाली, "तरीच." बाराव्या रविवारच्या आधी, एका सकाळी, ती गेली.

पंधरा दिवसांनी काका दुकानात आले. सरळ मोठ्या काट्याचं झाकण उघडलं, स्क्रू जागेवर आणला, झाकण लावलं. मी दुसऱ्याच कामात असल्यासारखी खाली मान घालून बसले होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तिला?"

तिनं सांगू नको म्हटलं होतं. पण ती होती तोवरचं ते, आणि आता ती नव्हती. मी म्हटलं, "हो. तिलाही."

त्यांनी मान हलवली. नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. मग म्हणाले, "पितळी वजन आण. तपासून बघू."

मी खणातून डबी काढली. उघडली. मखमलीत खड्डा तेवढा होता.

"डबीत नसेल," काका म्हणाले. "बाहेर सायकलला पिशवी लावलीय, त्यात तिचा कोट आहे. उजवा खिसा बघ."

कोट घेऊन मी आत येत होते तेव्हाच तो एका बाजूनं ओढत होता. मी वजन काढून त्यांच्या हातात दिलं. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, मोठ्या काट्याच्या तबकडीकडे बघत.

"पहिल्याच रविवारी डबी उघडली होती मी. रिकामी होती. झाकण लावून ठेवून दिली. मग तिसऱ्या रविवारी तिचं एका किलोत भागेना, म्हणून मी दर रविवारी एकेक आटा करत दोन घातले." त्यांनी वजन तळहातावर जोखलं. "दर रविवारी घरी जाताना मी तीन वजा करत होतो."

मग त्यांनी वजन काट्यावर मधोमध ठेवलं. एक किलो भरलं.